जनरेटरच्या खोलीचं दार

परत येऊन आठ दिवस झाले, तरी गुडघा शेकणं चालूच आहे. शेजारच्या बाई रोज विचारतात, "बिदरचा किल्ला कसा आहे हो?" मी किल्ला पाहिला नाही. माझं सगळं लक्ष पिशवीवर होतं. पिशवीत दोन साड्या, गुडघ्याचा पट्टा, गोळ्या आणि बावीस वर्षांपूर्वीचे कागद होते. त्या कागदांपायी साठीला टेकलेली बाई एकटी तिकडे गेली, हे शेजारी सांगितलं तर वेड लागलं म्हणतील. म्हणून इथे लिहिते.

आधी माझं काम सांगायला हवं. ध्रुवांकडच्या आकाशात हिरवा-तांबडा प्रकाश हलतो, हे चित्रांत सगळ्यांनी पाहिलं आहे. मीही चित्रांतच पाहिलं आहे. पंचवीस वर्षं त्या प्रकाशावर काम केलं, पण अंटार्क्टिकाला मला कुणी पाठवलं नाही. आधी बाई म्हणून, मग मुलं लहान म्हणून, मग गुडघा म्हणून. तिथल्या आपल्या ठाण्यावरून रडारच्या नोंदींच्या टेपा यायच्या आणि मी पुण्यात पंख्याखाली बसून त्या वाचायची.

त्या प्रकाशाच्या उंचीवर, जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वर, हवेतून वीज वाहत असते. ती कुठून आणि किती वाहते, हे शोधायचं. डोळ्यांना दिसतो तो उजेड, आणि उजेड असतो तिथली हवा वीज वाहून न्यायला तयार झालेली असते. रडारला उजेड दिसत नाही. त्याला त्या हवेतल्या बारीक लाटा दिसतात, आणि त्या उठतात विजेचा दाब जास्त असतो तिथे. नुसत्या डोळ्यांनी भागत नाही, नुसत्या रडारनंही नाही. दोघांनी एकाच वेळी एकाच दिशेला पाहिलं, तर प्रवाहाचा काही अंदाज बांधता येतो.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात रडार बरं चाललं, पण आकाशाचे फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या काचेवर बर्फ धरलं आणि तो दीड महिना आंधळा झाला. उरले एका माणसाचे डोळे. तुळशीराम म्हणून जनरेटर सांभाळणारा मेकॅनिक होता. तो दर तासाला जनरेटरच्या खोलीत जायचा, दारात उभा राहून आकाश बघायचा आणि वहीत टिपायचा. ठाण्यावरच्या डॉक्टरांनी त्या नोंदी इंग्रजीत टाइप करून पाठवल्या. तारीख, वेळ, दिशा. दिशा प्रत्येक वेळी पूर्व. आमचं रडार दक्षिणेकडे तोंड करून होतं. लाटा दक्षिणेला आणि उजेड म्हणे रोज पूर्वेला! मी त्या वेळी तरुण होते आणि फार हुशार होते, निदान मला तसं वाटायचं. अहवालात एक वाक्य लिहून टाकलं की, उघड्या डोळ्यांच्या नोंदी विश्वास ठेवण्याजोग्या नाहीत. आणि पुढच्या कामाला लागले.

मार्चात निवृत्त व्हायचं म्हणून गेल्या महिन्यात कपाट आवरताना ते टाइप केलेले कागद हाती लागले. टाकून द्यायच्या आधी सहज रडारच्या वेळांशी ताडून पाहिले. वेळा जुळत होत्या. पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे, पण रोज जुळत होत्या. टेपा सीलबंद पुण्याला यायच्या, त्या माणसानं त्या कधी पाहिल्या नव्हत्या. थापा मारणाऱ्याच्या वेळा जुळत नसतात. मग दिशाच तेवढी कशी चुकली? मूळ वहीत काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय घरी बसायचं नाही, असं ठरवलं. त्याचा फोन बंद होता. फाइलीत पत्ता होता तो जनवाड्याचा, तालुका बिदर.

जनवाडा

बिदरहून जनवाड्याच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, असं ऐकून खूश झाले होते. कंडक्टरनं माझं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं. "अक्का, हे म्हाराष्ट्राचं हाय, फुकट हितल्या बायकांलाच," म्हणाला आणि तिकीट फाडलं. सगळी बस माझ्याकडे बघून हसली. माझ्याच भाषेत हसली, म्हणून जास्त लागलं.

पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. गिरणी तुळशीरामच्या धाकट्या भावाची, नागनाथची. पापण्यांपर्यंत पीठ बसलेला हा माणूस पट्टा थांबवून बाहेर आला.

"तुळशीअण्णा व्हय? त्यो हितं न्हाई राहत आता. लेकीकडं हुलसूरला असतोय. कामून हुडकायलाव त्याला?"

जुन्या कामाचं आहे, म्हटलं. त्यानं मला बसवलं आणि समोरच्या हॉटेलातून सुसला आणि मिरचीभजी मागवली. सुसला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहेच, पण आमच्या पोह्यांपेक्षा मऊ आणि दुप्पट तिखट. डोळ्यांतून पाणी आलं. नागनाथला वाटलं, मला भावाबद्दल वाईट वाटतंय.

"गावात पडदेवाला म्हणत्यात त्याला," तो म्हणाला. "बर्फात जाऊन आला अन् म्हणायचा, आभाळात हिरवा पडदा हलायलाय. आमी म्हणलं, आसंल बाबा. मग तिकडलं छापील पुस्तक आलं. मास्तरानं वाचून दावलं चावडीत. त्येच्यातच लिवलंय की, ह्याच्या लिवण्यावर भरोसा ठिवू नका. पुण्याच्या कुण्या बाईनं लिवलंय म्हणं."

मी भजं खाली ठेवलं. तोंड उघडून 'ती मीच' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हुलसूरची बस किती वाजता आहे, ते विचारलं.

हुलसूर

हुलसूरला पोचेपर्यंत दोन बस आणि एक जीप झाली. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी तुरीच्या शेंगांची पिशवी होती. कुणाची, ते उतरेपर्यंत कळलं नाही. एवढा थकवा आला होता की परतीचं तिकीट मनातल्या मनात काढून झालं होतं. आयुष्यभर लोकांनी लिहिलेल्या आकड्यांवर बसून राहिलं की माणसाला चालायची सवय राहत नाही.

तुळशीरामची लेक अनुसया ब्लाउज शिवते. मी गेले तेव्हा ती फोनवर कानडीत भांडत होती, समोरच्या गिऱ्हाइकाशी दखनीत हसत होती आणि मला मराठीत "बसा की" म्हणाली. मी कोण, कुठली, हे विचारायच्या आधी तिनं पाटाजवळ ताट ठेवलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि अंबाडीची भाजी. अंबाडीला इथे पुंडी म्हणतात. पुण्यात अनोळखी माणसाला आम्ही दारातच विचारून घेतो, चहा घेणार का, म्हणजे तो नको म्हणतो. इथे तशी सोयच नाही.

जेवण झाल्यावर मी वहीचं विचारलं. तिचं मशीन थांबलं.

"वही बाबा कुणाला देत न्हाईत. दसऱ्याला पुजतेत, येळवसेला पुजतेत. तुमी हापिसातल्या का?"

"हो."

"मग तुमाला ठावं आसंल ती बाई." ती कापडावरचा दोरा दातानं तोडत म्हणाली. "बाबा तिकडं होते त्याच साली आजोबा गेले. मातीला सुदिक येता आलं न्हाई. जहाजच न्हवतं म्हणं सहा महिने. आल्यावर चुलते म्हणाले, बापाचं तोंड बघायचं सोडून तिकडं काय करायलास? तर बाबांनी वही काढली. म्हणाले, हे बघायलो होतो. समदी गप झाली होती हो. मग ते पुस्तक आलं."

मी ते एक वाक्य दुपारच्या चहाच्या आधी लिहिलं असणार. मला त्या दिवसाचं काहीही आठवत नाही.

"ती बाई भेटली तर एक इचारायचं हाय म्हणतेत बाबा," अनुसया म्हणाली. "काय, ते आमाला बी सांगत न्हाईत."

रात्री तिनं मला लॉज शोधू दिला नाही. दुसऱ्या दिवशी येळवस होती, शेतात पूजा करून जेवायचा सण. तिचे आई-बाबा त्यासाठी खजुरीच्या वडिलोपार्जित शेतावर गेले होते, आणि ती निघाली होती सासरच्या शेतावर. मला तिनं आळंदच्या बसमध्ये बसवून दिलं. निघताना नाव विचारलं. मी सांगितलं. फक्त नाव, आडनाव नाही. साठ वर्षांची झाले तरी अशी पळपुटी.

खजुरी

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. या सीमेवरच्या गावांत त्या दिवशी घरं ओस आणि शेतं भरलेली. कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजतात आणि गावच्या गाव शेतात जेवतं. गाव एवढं ओस पडतं हे मला माहीत नव्हतं. खजुरीच्या फाट्यावर उतरले तेव्हा रिक्षा नाही, दुकान नाही, पत्ता विचारायला कुत्रं नाही. काळ्या रानातून चालत निघाले. पहिल्या फर्लांगात चपलेचा अंगठा तुटला.

त्या दिवशी शेतावरून जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही इथली रीत. पहिल्या शेतातून हाक आली, "अक्का, आंबील पिऊन जावा." प्यायले. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, थंडगार. जीव आला. दुसऱ्या शेतात पुन्हा आंबील. तिसऱ्या शेतात आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे. भज्जी म्हणजे भजी नव्हे, ती सगळ्या ओल्या शेंगा, डाळी आणि पाल्याची दाट भाजी. नको म्हटलं तर म्हातारी रडायच्या बेताला आली. तुळशीरामच्या शेताशी पोचले तेव्हा हातात चपला होत्या आणि वाकताही येत नव्हतं.

कापलेल्या तुरीच्या कडेला कोप होती. तिच्या तोंडाशी एक उंच, वाळका माणूस बसला होता. डोक्याला मफलर, कानाला जाड चष्म्याची दोरी. शेजारी त्याची बायको, गोदाक्का, भाकरीवर भाजी घालत होती. मी जवळ गेले. त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुण्याच्या?"

"हो," मी म्हटलं. "ते वाक्य मी लिहिलं होतं."

गोदाक्काचा हात थांबला. तो म्हणाला, "आदी जेवा."

चौथ्यांदा जेवले. त्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. हात धुतल्यावर म्हणाला, "बाई, मला येवडंच इचारायचं हाय. तुमी मला इचारलं कामून न्हाई?"

मी मनात किती उत्तरं तयार करून आणली होती. तेव्हा फोन महाग होता, कामाची घाई होती, कागद डॉक्टरांकडून आले होते. त्याच्या तोंडाकडे बघून ती सगळी बाजूला ठेवली. "माझं चुकलं," म्हटलं. "तुम्ही मेकॅनिक होता, म्हणून विचारावंसं वाटलं नाही." हे खरं होतं आणि मी ते आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्यानं दातांतली काडी टाकली. मग कोपीत वाकला आणि पांडवांपुढून वही घेऊन आला. तिच्या पुठ्ठ्यावर हळद-कुंकू होतं आणि आत डिझेलचे डाग. अक्षर मोठं, सुटं. "उगवतीला हिरवा पट्टा, दोन हात उंच. बुडाला तांबडा काठ. मग जोरात आला, समदं आभाळ उजळलं, मग फाटला." पानामागून पान. सगळीकडे उगवत. डॉक्टरांनी काही चूक केलेली नव्हती.

"अण्णा, उगवत कशावरून धरली?"

"दारावरून. दारात उभारलं की म्होरं उगवत."

"आणि दार उगवतीला आहे हे कशावरून?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला शाळेत परत घालायला हवं. "दार उगवतीलाच असतंय की. ही कोप बघा. घर बघा आमचं. कुणी दक्षिणंला दार ठिवतंय व्हय? मेल्यालं माणूस बी ठिवणार न्हाई."

"पण सूर्य?"

"त्या सूर्याला धरबंद न्हवता, बाई. एका महिन्याला हिकडून उगवायलाय, दुसऱ्या महिन्याला तिकडून. उन्हाळ्यात मावळायचाच न्हाई, अन् थंडीत दोन महिने तोंड दावलं न्हाई. मग भरोसा कशाचा धरावा माणसानं? दाराचा धरला."

मी पिशवीतून ठाण्याचा नकाशा काढला. तिथे वारा पूर्वेकडून येतो आणि खोलीच्या आडोशाच्या अंगाला बर्फ साचतं, म्हणून दारं वाऱ्याला आडवी ठेवतात, एवढं मला वाचून माहीत होतं. जनरेटरच्या खोलीवर बोट ठेवलं. उत्तरेच्या बाणाशी ताडून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अण्णा!" मी ओरडलेच. "दार दक्षिणेला होतं! तुमची उगवत म्हणजे दक्षिण. रडार तिकडेच बघत होतं. तुम्ही दोघं एकच बघत होता!"

बावीस वर्षांचा गुंता सुटला या आनंदात मी हसत होते. तो हसत नव्हता. गोदाक्कानं पदर तोंडाला लावला होता. आपण काय बोलून गेलो ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. दक्षिण ही यमाची दिशा. आणि त्याच साली त्याचे वडील गेले होते. मी दुसऱ्यांदा त्याला न विचारता एक वाक्य फेकलं होतं.

"त्या दाराला मी रोज उदबत्ती लावली," तो हळूच म्हणाला. "वर्सभर. दक्षिणंच्या दारात उभारून आभाळ बघायलो. अन् आप्पा हिकडं..."

हा शास्त्राचा भाग नाही, ह्या समजुती आहेत, असलं काही पुण्याहून आणलेलं बोलायची माझी छाती झाली नाही. रानात सगळीकडून लोकांचे आवाज येत होते.

गोदाक्का उठली. तिनं आंबिलीचं मडकं उचलून सावलीत ठेवलं आणि नवऱ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "दाराचं काय घेऊन बसलाव? आप्पा गेले तवा मी हुते उशाला. खजुरीच्या घरात गेले. त्या घराचं दार उगवतीलाच हाय. मी रोज सडा घालायली, रोज उंबरा पुजायली. गेलेच न्हवं?"

तो तिच्याकडे वळला.

"आन् जाताना काय म्हणाले, ते मी सांगितलं न्हाई तुमास्नी," ती म्हणाली. "तुमा भावाभावांच्या भांडणात राहूनच गेलं. म्हणाले, तुळशा काय बघायलाय तिकडं, ते आल्यावर इचारा त्याला. मला न्हाई बघाय गावलं."

तुळशीरामनं चष्मा काढला आणि मफलरानं डोळे पुसले. मीही इकडे-तिकडे बघितलं. मग तो नाक ओढून म्हणाला, "रडारचं सांगा. त्याला काय दिसायचं?"

मी माझे कागद उघडले. त्याच्या वहीशी ओळ-ओळ लावत गेलो. एक गोष्ट मला पुण्यात कळली नव्हती. त्यानं जिथे 'जोरात आला, समदं उजळलं' लिहिलं होतं, त्याच सुमारास रडारच्या लाटा मंदावत होत्या, आणि उजेडाच्या कडेला, अंधारात, जोर धरत होत्या. उजेडात वीज वाहायला वाट मोठी होते, म्हणून तिथला दाब उतरतो, असं मी समजावायला लागले.

"बाई, हे मला सांगायलाव?" तो पहिल्यांदा हसला. "पाट रुंद केला की पाण्याचा जोर पडतोय. अरुंदात जोर चढतोय. म्हून पाणी किती चाललंय ते नुसत्या जोरावरून कळत न्हाई, नुसत्या रुंदीवरून बी न्हाई. मोटारी बसविल्यात मी."

पंचवीस वर्षं मी हे समीकरणात लिहीत आले. त्यानं ते काडीनं काळ्या मातीत काढून दाखवलं. मी त्या मातीचा फोटो घेतला.

वहीतली उगवत खोडून दक्षिण लिहायला त्यानं पेन उचललं, तेव्हा मी त्याचा हात धरला. टिपलेली नोंद कधी खोडायची नसते, आमच्या कामात एवढा एकच धर्म आहे. मग त्यानं पहिलं कोरं पान उघडलं आणि सावकाश लिहिलं: "जिथं उगवत लिवलंय तिथं दक्षिण वाचावं. दार दक्षिणेला होतं. बाकी बघितलं ते खरं हाय." खाली सही केली, तारीख घातली आणि वही माझ्याकडे सरकवली. "आता तुमी."

मी लिहिलं: "मी विचारलं नव्हतं. या नोंदी विश्वास ठेवण्याजोग्या आहेत." आणि पूर्ण नावानं सही केली, आडनावासकट. जाताना जनवाड्याला थांबून नागनाथला हे पान वाचून दाखवायचं कबूल केलं, आणि ते केलंही. गिरणी थांबवून त्यानं दोनदा वाचायला लावलं.

निघताना तुळशीरामनं विचारलं, "तुमी सोता कंदी बघितलाव का त्यो उजेड?"

"नाही."

"अगं आई!" गोदाक्का म्हणाली.

तो कोपीच्या तोंडाशी उभा राहिला आणि सवयीनं समोर, उगवतीकडे हात उचलला. मग थांबला, हात खाली घेतला आणि उजवीकडे वळला. ऊन डोळ्यांवर येत होतं. तुरीच्या पेंढ्यांच्या वर त्यानं एकावर एक दोन हात मोजले.

"हितनं सुरू व्हायचा," तो म्हणाला. "गोदे, तू बी बघ. आप्पाला दावायचा राहिला."

आम्ही तिघं त्या भर दुपारी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलो.